हरणाऱ्या वॉरिअर्सच्या घरी

अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला ताईकडे महिनाभर राहायला गेलो होतो. गोल्डन गेट वगैरे यथासांग झालं. पण मनात राहिली ती ५ मार्च २०२० ची संध्याकाळ. अकरा वर्षांच्या भाच्याने आठवडाभर माझं डोकं खाल्लं होतं, "मामा, स्टेफ परत येतोय!" स्टेफ म्हणजे स्टेफ करी, एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या गोल्डन स्टेट वॉरिअर्सचा स्टार खेळाडू.

बार्टने, म्हणजे तिथल्या लोकल रेल्वेने निघालो. कोलिसियम स्टेशनवर खिडकीतून जुनं ओरॅकल अरीना दिसलं. चार दशकांहून जास्त काळ वॉरिअर्सचं घर हेच, ओकलंडचं. २०१५, २०१७, २०१८ ची विजेतेपदं, सलग पाच फायनल, एका मोसमात ७३ विजय, सगळं इथे राहत असताना. इथला त्यांचा शेवटचा सामना मात्र जून २०१९ मध्ये टोरांटो रॅप्टर्सने जिंकला आणि चषकही घेऊन गेले. आज पुन्हा तेच समोर होते. भाचा गाडी सुटेपर्यंत काचेला नाक लावून बसला होता.

घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. इथे तर घरच बदललं. खेळाडूंपैकी ड्युरँट ब्रुकलिनच्या संघात गेला, इग्वाडालाला मेम्फिसच्या संघात धाडलं. त्याच शेवटच्या सामन्यात क्ले थॉम्पसनच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला, तो अख्खा मोसम बाहेर. आणि स्टेफ करी? चौथ्याच सामन्यात फिनिक्सचा धिप्पाड खेळाडू त्याच्या डाव्या हातावर पडला. हाड मोडलं, ५८ सामने गेले. काल-परवापर्यंत फायनल खेळणारा संघ लीगमध्ये तळाला.

नवं चेस सेंटर सॅन फ्रान्सिस्कोत, खाडीकाठी. सामन्याचं तिकीट असलं की म्युनीच्या (शहराच्या सार्वजनिक वाहतुकीच्या) ट्रामचं वेगळं काढावं लागत नाही, हे मला फार आवडलं. बाहेर ओलाफुर एलियासन या कलाकाराचे पाच प्रचंड आरसेगोल उभे आहेत. त्यातल्या एकात भाचा स्वतःच्या शर्टावरचा करीचा ३० आकडा उलटा बघत राहिला. त्याच दिवशी शहरात कोरोनाचे पहिले दोन रुग्ण जाहीर झाले होते. ताईने निघताना खिशात सॅनिटायझर कोंबला होता, तेवढंच.

आमच्या खुर्च्या पार वर, झेंड्यांच्या पातळीला. खाली करी तोंडातला माउथगार्ड चावत फिरतोय एवढं मात्र दिसत होतं. त्याचं नाव पुकारलं तेव्हा माझ्या कानाचे पडदे हलले. बाकीचे चेहरे नवखे. विगिन्स महिन्यापूर्वीच आलेला, पॅशल पहिल्याच वर्षाचा. पास चुकायचे, करी मोकळा उभा असायचा आणि चेंडू भलतीकडेच. शेजारचे आजोबा दर वेळी कपाळाला हात लावायचे आणि लगेच टाळ्याही वाजवायचे. कॉलेजात आमचा संघ दर वर्षी पहिल्या फेरीतच गारद व्हायचा, त्यामुळे मला हे वातावरण अगदी घरचं वाटलं. भाच्याला नाही. त्याला कळायला लागल्यापासून त्याची टीम जिंकतच आलेली.

करीने २३ गुण केले. वॉरिअर्स १२१-११३ ने हरले. मोसमातला ४९ वा पराभव.

परतताना गाडी बदलावी लागली. कोलिसियम आलं तेव्हा भाचा माझ्या खांद्यावर झोपला होता. उठवलं नाही.

शनिवारी करीला साधा फ्लू झाला. घरी टीव्हीसमोर बसलो, तर त्याच्याशिवायच फिलाडेल्फियाला ११८-११४ ने हरवलं! भाचा सोफ्यावर उड्या मारत होता. मंगळवारी पुन्हा हरले, आणि बुधवारी कोरोनामुळे लीगच थांबली. १५ विजय, ५० पराभव.