आराखड्यातला दृश्यांचा रकाना

माझ्या वर्गमैत्रिणीने बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर व्हिडिओ निबंध करायचे ठरवले असून त्याचा आराखडा अभिप्रायासाठी माझ्याकडे आला आहे. विषय आपल्या गावाचा, त्यातून सयाजीराव महाराजांचा, त्यामुळे ‘छान झाले आहे’ एवढे लिहून मोकळे होणे सहज शक्य होते. परंतु नेमका अभिप्राय उपयोगी पडतो तो याच टप्प्यावर, कारण एकदा निवेदन ध्वनिमुद्रित झाले आणि चित्रीकरण उरकले की मुद्द्यांचा क्रम बदलणे कोणाच्याही जिवावर येते.

तिचा आराखडा कालक्रमाने जातो: कवळाण्याहून दत्तक आलेला मुलगा, १८७५ मधले राज्यारोहण, मग शिक्षण आणि मग ग्रंथालये. यात चुकीचे काही नाही, पण निबंधाला काय सांगायचे आहे हे कळेपर्यंत निम्मा वेळ सरतो. मला सर्वांत मोलाचे वाटलेले वाक्य शेवटून दुसऱ्या मुद्द्यात दडलेले आहे: शाळा सुटल्यावर हाती पुस्तकच आले नाही तर शिकलेली अक्षरेही विसरली जातात, म्हणून शाळांच्या पाठोपाठ ग्रंथालये हवीत. तिचा दावा हाच आहे. तो पहिल्या मिनिटात आला, तर १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू झालेले सक्तीचे शिक्षण, १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू होणे आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाचे बडोद्यात येणे, या घटनांची सनावळी न होता त्यांच्यातला कार्यकारणभाव प्रेक्षकाला आपोआप दिसेल.

खरी अडचण दृश्यांची आहे. डावीकडचा निवेदनाचा रकाना भरगच्च आहे आणि उजवीकडे मात्र जागोजागी ‘जुने फोटो’ एवढेच लिहिलेले आहे. गावोगाव फिरणाऱ्या ग्रंथपेट्यांविषयी ती इतके सुंदर लिहिते, त्या वेळी पडद्यावर काय असेल? छायाचित्र मिळाले नाही तर पेटीचा प्रसंग नव्याने चित्रित करता येईल, फक्त तो नव्याने रचलेला आहे हे तिथेच स्पष्ट दिसायला हवे. उलट, मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातील काचेची जमीन, जिच्यातून पुस्तकांच्या पोलादी मांडण्यांमध्ये खालपर्यंत उजेड झिरपतो, तिने एका वाक्यात उरकली आहे. तिथे चित्रीकरणाची परवानगी मिळाली तर वीसेक सेकंद निवेदन थांबवावे आणि प्रेक्षकाला नुसते पाहू द्यावे, असे मी आग्रहाने लिहिले आहे.

तिची वाक्ये मी कुठेही बदललेली नाहीत. निबंध तिचा आहे. माझी शैली त्यात शिरली तर तो तिचा राहणार नाही. म्हणून समासात बहुतेक ठिकाणी प्रश्नच विचारले आहेत. त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा असा: मूल शाळेत पाठवले नाही म्हणून ज्या पालकांना दंड होत असे, त्यांची बाजू यात कुठे आहे? शेतात मुलांच्या हातांची गरज असलेल्या घराला ही सक्ती कशी वाटली असेल, हे विचारल्याने महाराजांच्या कार्याला उणेपणा येत नाही. उलट ते किती अवघड होते हे कळते.

आठ मिनिटांत साधारण हजार शब्दांचे निवेदन बसते. तेव्हा या मुद्द्यासाठी दत्तकविधानाचा प्रसंग वगळावा, असे मी सुचवले आहे, आणि तो का वगळावा याचे कारणही त्याच्या शेजारीच लिहिले आहे.