गाडीतला दिवा हळूहळू विझावा म्हणून

जुन्या छोट्या गाड्यांमध्ये दार लागताच छतातला दिवा त्याच क्षणी विझतो, आणि आत बसलेल्या माणसाला उजेड हवा असतो तो नेमका त्यानंतर. किल्ली लावायची असते, पट्ट्याचे बक्कल शोधायचे असते, हातातली पिशवी पायाशी नीट ठेवायची असते. पुण्यातल्या आमच्या सोसायटीचे तळघरातले पार्किंग भर दुपारीही अंधारे असते, त्यामुळे मागच्या सीटवर बसणाऱ्या वडिलांना दार लावल्यावर पट्टा चाचपडत शोधावा लागे. नव्या गाड्यांमध्ये हा दिवा काही सेकंद रेंगाळून मंद होत विझतो. हीच सोय जुन्या गाडीत अगदी थोडक्या सुट्या भागांत करता येते, मात्र त्यासाठी दाराच्या स्विचची जोडणी आधी समजून घेतली पाहिजे.

बहुतेक जुन्या गाड्यांत या दिव्यापर्यंत बॅटरीचा प्लस फ्यूजमधून कायम आलेला असतो. दार उघडले की चौकटीतला, रबरी टोपी घातलेला स्विच बाहेर सरकतो आणि दिव्याची दुसरी वायर गाडीच्या बॉडीला, म्हणजेच अर्थला जोडतो. आपल्या गाडीत असेच आहे का, हे मल्टिमीटरने लगेच कळते. दिव्याचा खटका मधल्या, दाराच्या स्थितीत ठेवून स्विचकडून येणारी वायर आणि बॉडी यांमधला विद्युतदाब (व्होल्टेज) मोजावा. दार बंद असताना तो बारा व्होल्टच्या आसपास आणि दार उघडताच शून्य दिसला, तर पुढचे सारे लागू पडते.

पुष्कळांच्या मनात पहिल्यांदा येते ते दिव्याला समांतर एक मोठा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, जोडण्याचे. हिशेब केला की तो विचार सोडावा लागतो. ५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे तापलेल्या तारेचा रोध २९ ओहमच्या जवळपास भरतो. त्याला १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला तर उजेड सेकंदाच्या तीन शतांश भागाइतकाच टिकेल. पाच सेकंदांसाठी दीड-पावणेदोन लाख मायक्रोफॅरड लागतील आणि दार उघडताना तो कपॅसिटर भरण्यासाठी उसळणारा प्रवाह स्विचचे संपर्कबिंदू जाळून टाकील.

त्याऐवजी प्रवाह मॉसफेटकडे, म्हणजे दाबाने नियंत्रित होणाऱ्या ट्रान्झिस्टरकडे, सोपवावा आणि कपॅसिटरकडे फक्त वेळ मोजण्याचे काम ठेवावे. मी आयआरएलझेड४४एन हा एन-चॅनल मॉसफेट वापरला. त्याला तीन पाय असतात: गेटवरचा दाब ठरवतो की ड्रेनकडून सोर्सकडे किती प्रवाह वाहावा. त्याचा ड्रेन स्विचकडून येणाऱ्या वायरला आणि सोर्स अर्थला जोडायचा, म्हणजे तो दाराच्या स्विचला समांतर बसतो. ड्रेन आणि गेट यांच्यामध्ये १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर व त्याच्या ओळीत १ किलोओहमचा रेझिस्टर. गेट आणि सोर्स यांच्यामध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर दाबाला मर्यादा घालणारा १२ व्होल्टचा झेनर डायोड, ज्याची पट्टी गेटच्या बाजूला असावी. एवढेच सर्किट आहे.

त्याचे चालणे मला फार देखणे वाटते. दार लागले की स्विच तुटतो आणि ड्रेनचा दाब वर जाऊ पाहतो, पण कपॅसिटर तीच चढण गेटवर पोचवतो. गेट दोन व्होल्टच्या सुमारास येताच मॉसफेट वाहू लागतो आणि ड्रेनला खाली धरून ठेवतो. आता ड्रेन तेवढ्याच वेगाने चढू शकतो, जेवढ्या वेगाने मेगाओहमचा रेझिस्टर कपॅसिटरमधून प्रवाह ओढेल. दोन व्होल्ट भागिले एक मेगाओहम म्हणजे दोन मायक्रोअँपिअर. त्या प्रवाहावर १ मायक्रोफॅरडचा दाब सेकंदाला दोन व्होल्टने बदलतो. ड्रेन जितका चढेल तितका दिव्याच्या वाट्याचा दाब कमी होतो, आणि दोनवरून बारा व्होल्टपर्यंत चढायला त्याला पाच सेकंद लागतात, म्हणून दिवा साधारण पाच सेकंदांत विझतो. कपॅसिटर २.२ मायक्रोफॅरडचा घेतला तर हाच वेळ दुपटीहून थोडा जास्त होतो. पुन्हा दार उघडले की झेनर गेटला उलट दाबापासून वाचवतो आणि सर्किट लगेच पुढच्या वेळेसाठी तयार होते.

सारा खेळ दोन मायक्रोअँपिअरवर चालत असल्यामुळे इथे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर चालत नाही, कारण त्याची स्वतःची गळतीच याच्या तोडीची असू शकते. त्याच कारणाने सोल्डरिंग झाल्यावर फ्लक्स स्पिरिटने स्वच्छ पुसून वर वॉर्निशचा हात देणे आवश्यक आहे. पावसाळ्यातली दमट हवा आणि फ्लक्सचा चिकट थर एकत्र आले की मेगाओहमचा भरवसा राहत नाही. हे सगळे भाग मला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळाले, आणि बल्ब व वायर नाना पेठेत.

दार लागताक्षणी ड्रेन एकदम दोन व्होल्टवर जातो, त्यामुळे उजेड सुरुवातीलाच जवळजवळ निम्मा होतो. डोळ्याला ही घट तेवढी मोठी वाटत नाही, उलट दार नीट लागल्याची ती खूण ठरते, म्हणून ती टाळण्याचा खटाटोप करू नये असे माझे मत आहे. त्यानंतर तारेचा रंग पांढुरक्या पिवळ्यावरून नारिंगी आणि शेवटी तांबूस होत जातो. दाब अर्ध्यावर असताना मॉसफेटमध्ये पावणेदोन वॅटच्या आसपास उष्णता होते, पण ती काही सेकंदांपुरतीच असल्याने हीट सिंकची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीची, गरज पडत नाही.

एलईडी बल्ब लावलेल्यांना मात्र ही जोडणी समाधान देणार नाही. त्यात बहुधा तीन-तीन एलईडी एका ओळीत असतात आणि आठेक व्होल्टच्या खाली ते प्रकाश देतच नाहीत, त्यामुळे ड्रेन चार व्होल्टवर पोचताच, म्हणजे एखाद्या सेकंदात, अंधार होतो. त्यांनी एटीटायनी८५सारख्या छोट्या मायक्रोकंट्रोलरने (एका चिपमधल्या संगणकाने) पीडब्ल्यूएम करावे, म्हणजे दिवा अतिवेगाने चालू-बंद करून उजेड कमी करावा, आणि तेही समान पायऱ्यांनी न उतरवता डोळ्याच्या संवेदनेनुसार वक्र रेषेत उतरवावे. मी साध्या तारेच्या बल्बवरच थांबलो, आणि त्या तांबूस होत जाणाऱ्या उजेडासाठी पुढेही तोच ठेवीन.

बसवण्याची उत्तम जागा म्हणजे दिव्याचीच खोबण. खटक्याच्या कायम चालू स्थितीसाठी अनेक दिव्यांना तिथेच वेगळा अर्थ दिलेला असतो, त्यामुळे खांबांतून नवी वायर ओढावी लागत नाही. ज्या गाड्यांत छताच्या कडेला पडदा एअरबॅग असते, तिथे तर अशी वायर ओढूच नये. कामाआधी बॅटरीचा मायनस काढावा, आणि काम झाल्यावर सर्किटसह व सर्किटविना बंद गाडीचा प्रवाह मोजून दोन्ही आकडे सारखे असल्याची खात्री करावी. दार उघडे असल्याचा डॅशबोर्डवरचा दिवा त्याच वायरवर असेल, तर आधी वायरिंगचा नकाशा पाहावा. ज्या गाडीत हा दिवा बॉडी कंट्रोल मोड्यूल, म्हणजे दिवे-दारे सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक, चालवते, तिथे दाराच्या स्विचमधून दिव्याचा प्रवाह वाहतच नाही, तेव्हा त्या वायरिंगला हात लावू नये. वॉरंटीत असलेल्या गाडीची वायर तर मुळीच कापू नये.