फुटाला एक सूत

उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, तीन माणसं आणि एक शेपर, जो भंगारात घाल म्हणून मुलगा दर दसऱ्याला पूजा करताना सांगतो. कामं बहुतेक मोटारीच्या पार्टची जॉबवर्क. मधूनच कुणीतरी जुनं मशीन घेऊन येतो, ज्याचा स्पेअर जगात कुठं मिळत नाही. पैसा सुटत नाही, पण असली कामं मी सोडत नाही. कोल्हापुरात ‘हे होत नाही’ म्हणायला कमीपणा वाटतो, त्यातलंच हे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एक फोन आला. निम्मं कन्नड, निम्मं हिंदी. “तुमचं इंजिन आहे आमच्याकडं.” इंजिन माझं कसलं! चाळीसेक वर्षांपूर्वी इथं कुणीतरी बनवलेलं ऑइल इंजिन, पत्र्यावर ‘उद्यमनगर, कोल्हापूर’ एवढंच वाचता येत होतं. त्यावर त्यांचा कॉफीचा पल्पर चालायचा. पल्पर विलायती, त्याची ब्रेस्ट तडकली होती. इंजिनाच्या गावात ब्रेस्टही होईल, असा त्यांचा सरळ हिशेब. चिक्कमगळूरच्या डोंगरातला माणूस कोल्हापूरवर एवढा भरवसा ठेवतोय म्हटल्यावर मी हुरळलो.

पल्पर म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यातच अडकली आहे. कॉफीचं लाल फळ बोराएवढं, आत दोन बिया. तोडलं त्याच दिवशी त्याची साल काढावी लागते, नाहीतर ढीग तापतो आणि वास लागतो. फळं आधी पाण्याच्या टाकीत टाकतात, पोकळ असतील ती तरंगतात आणि बाजूला जातात. बुडालेली पल्परमध्ये येतात. आत फुगऱ्या उठवलेला पत्रा चढवलेला ड्रम फिरतो, समोर कमानीसारखी बिडाची जाड प्लेट असते, आतून नाळ्या पाडलेल्या. ती ब्रेस्ट. ड्रम आणि ब्रेस्टच्या मधल्या फटीत फळ चिरडतं, साल एका बाजूला, बी दुसऱ्या बाजूला. फट जास्त झाली तर अख्खी फळं निसटतात. कमी झाली तर बी कापली जाते, आणि कापलेली बी पुढं आंबवताना काळी पडते. बाजारात तिला शेवटच्या प्रतीचा भाव. सगळा खेळ तीन-साडेतीन मिलिमीटरचा.

तुकडे झालेली ब्रेस्ट पार्सलनं आली. मी ती फाउंड्रीत दिली आणि लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना, करून घ्या असं सांगितलं. तोंडी. एका नगाच्या ऑर्डरीला फाउंड्रीत कुत्रं विचारत नाही. त्यांनी पॅटर्नचा खर्च वाचवायला तुकडे जोडले आणि जुना पार्टच वाळूत दाबून साचा उठवला.

इथंच घात होतो. बीड ओतताना पाण्यासारखं असतं, थंड होताना आकसतं. फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्यात मिसरूड फुटायच्या आधी हे पाठ असतं. म्हणून पॅटर्नवाल्या सुताराची मोजपट्टीच वेगळी, तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत मोठा. जुना पार्टच साच्याला वापरला तर नवा तेवढा बारका निघणार, आणि ब्रेस्टची कमान नाळ्यांमुळं मशीनवर घेता येत नाही, जशी ओतली तशी राहते.

आणि मला ते कळायला हवं होतं. भोकं मी जुन्या मापानं पाडली, तर दोन्ही टोकांच्या बॉसमध्ये, म्हणजे भोकासाठी ओतलेल्या जाड उंचवट्यात, भोक मधोमध न येता बाहेरच्या अंगाला सरकलेलं. दोन्हीकडं सारखं, दीड-दीड मिलिमीटर. पहिल्या वर्षाच्या अप्रेंटिसनंही म्हटलं असतं की जॉब आकसलाय. दिवाळी चार दिवसांवर होती, पोरांचे बोनस द्यायचे होते. ‘बोल्ट बसतोय ना’ म्हणून मी रंग मारून पाठवून दिला.

डिसेंबरात ऐन तोडणीत फोन. “मेस्त्री, बी कापतंय.” मी म्हटलं, फट वाढवा. दोन दिवसांनी पुन्हा फोन. फट वाढवली तर अख्खी फळं येतात आणि बीही कापतंयच. तेव्हा दुपारचा जेवत होतो, पटकन बोलून गेलो, “फळ लहान-मोठं असंल तुमचं. दोन जाती मिसळल्या असतील.” त्यांनी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर ओल्या बियांचा फोटो पाठवला. प्रत्येक काप टोकाला होता, मध्ये नाही. फोटो बघितला आणि सरकलेली भोकं डोळ्यांपुढं आली. रात्रीची बेंगळूर गाडी धरली. पिशवीत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), व्हर्निअर, हँड ग्राइंडर, दोन अर्धगोल कानशी आणि मार्किंगचं निळं. आई म्हणाली, दत्ताच्या डोंगरावर चाललायस तर पीठाचं दर्शन घेऊन ये. तिचं सगळं नरसोबाच्या वाडीभोवती फिरतं.

पहाटे दावणगेरे, मग दोन गाड्या बदलून चिक्कमगळूर, तिथून जीप. कैमरा गाव सोडलं की घाट अंगावर येतो. वर फाट्याला एक रस्ता मुळ्ळय्यनगिरीकडं जातो. 1,930 मीटर, कर्नाटकातलं सगळ्यात उंच शिखर. शनिवार-रविवारी बेंगळूरच्या गाड्यांची तिथं रांग लागते. दुसरा बाबाबुडनगिरीकडं. अत्तिगुंडीच्या बाजूला एका वळणावर जीपवाल्यानं उतरवलं आणि खाली बोट दाखवलं. गावाचं नाव सांगत नाही, का ते पुढं कळेल.

गाव म्हणावं असं काही दिसलंच नाही. आपल्याकडं गाव म्हणजे पार, तालीम, दूध संस्था आणि चौकातले फ्लेक्स. इथं मंगळुरी कौलांचं एक घर, मग अर्धा फर्लांग कॉफी, मग दुसरं घर. सगळी मिळून वीसेक असतील. एक किराणा दुकान, जिथं बस थांबते तोच त्याचा चौक. सकाळी दहापर्यंत धुकं, शेजारच्या घरातला माणूस खोकला की कळतं शेजार आहे. तोडणीला गावच्या बाया, शिवाय आसामहून आलेली जोडपी, मळ्याच्या लायनीत राहणारी. पिकलेलं लाल तेवढंच तोडायचं, हिरवं ठेवायचं, म्हणून एकाच झाडाकडं तीन-चार वेळा फिरून यायचं. मजुरी किलोवर.

आम्ही ऊसवाली माणसं. उसावर झाडाची सावली पडली की बांधावर भांडण. इथं सावली मुद्दाम राखतात. सगळ्यात वर सिल्व्हर ओक, त्यावर मिरीचे वेल चढवलेले, खाली फणस आणि पांगारा, त्याखाली कॉफी. सावली विरळ झाली की खोडकिडा येतो, खोडात बोगदे पाडतो, झाड उभ्याउभ्या वाळतं. उपाय एकच, उपटायचं आणि जाळायचं.

याच डोंगरात सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सूफी फकिरानं येमेनच्या मोखाहून सात बिया लपवून आणून लावल्या, अशी कथा आहे. देशातली कॉफी तिथून सुरू झाली म्हणतात. त्यांचं ठाणं आणि दत्ताचं पीठ एकाच गुहेत. त्यावरून कोर्टकचेऱ्या चालतात. पल्परचे मालक गौडा, त्यांना विचारलं तर म्हणाले, “आम्ही दोघांनाही नमस्कार करतो, कोर्टाला पण.”

गौडा सत्तरीचे. अंगावर स्वेटर, पायात गमबूट. माझी निपाणीकडची कन्नड ऐकून घरातल्या बाया आत जाऊन हसल्या. अक्की रोट्टी आणि गुळाची कॉफी पुढं आली. ही कॉफी तरंगलेल्या फळांची, म्हणजे टाकाऊतली. चांगली सगळी विकायची. आमच्याकडं दूधवाल्याच्या घरी पातळ ताक असतं तसंच. एवढ्या वर्षांत कॉफीला चव असते हे मला पहिल्यांदा तिथं कळलं, तेही टाकाऊतल्या कॉफीनं.

मी पल्परचं विचारायच्या आधीच गौडांनी सांगून टाकलं, “तुमचं खरं निघालं, मेस्त्री. दोन जातींचाच घोळ.” आणि मुलाकडं बघितलं.

मुलगा तिशीचा. शहरातली नोकरी सोडून परत आलेला. खोडकिड्यानं दोन एकर गेले तेव्हा बाप म्हणाला, पुन्हा एस 795 लावू, आपल्या बापजाद्यांची. मुलगा म्हणाला, चंद्रगिरी. ही जात संशोधन केंद्रानं 2007 मध्ये दिलेली. झाड बुटकं, तांबेऱ्याला दाद न देणारं, दाणा टपोरा. मुलानं हट्टानं चंद्रगिरी लावली आणि यंदा तिचं पहिलं मोठं पीक. माझं जेवताना बोललेलं वाक्य त्या घरात आदल्या दिवसापासून फिरत होतं. मोठं फळ, लहान फळ, बी कापतंय, म्हणजे दोष चंद्रगिरीचा, म्हणजे पोराचा. मुलगा काही बोलत नव्हता. वाढलेलं खात होता.

पल्परच्या शेडमध्ये गेलो. टाकीत चारशे किलोच्या वर फळ पडलेलं, दुपारी तोडलेलं. फिलर गेज घातलं. मध्ये साडेतीन मिलिमीटर. वरच्या आणि खालच्या कडेला तीन. कमानीचा घेर आकसला की असंच होणार, ती मध्ये लांब राहते आणि कडांनी ड्रमला चावते. माझ्या पोटात गोळा आला. तरी खात्री करावी म्हणून मुलाला म्हटलं, दोन्ही जातींची एकेक टोपली वेगळी आण. वेगळ्या फिरवल्या, शंभर-शंभर बिया मोजल्या. चंद्रगिरीत चौदा कापलेल्या. जुन्या जातीत अकरा. फरक होता, तीनचा. बाकीचे अकरा माझे.

गौडा नऊला झोपायला गेले. मी ब्रेस्ट खोलली. ड्रमला निळं लावून ती हातानं टेकवून बघायची, निळं लागलं तिथं ग्राइंडर टेकवायचा, मग कानस. पुन्हा निळं. अर्धा मिलिमीटर म्हणजे ऐकायला काही नाही, पण नाळ्यांच्या प्रत्येक कडेवर, दोन्ही अंगांनी, धार न ठेवता गोलाई देत घालवायचा तर हात भरून येतात. बीड कानशीला तसं मऊ, पण ओतिवाची वरची कातडी कडक. पहिली कानस तिथंच बोथट झाली. असल्या कामात मला अजून मजा येते हे लपवण्यात अर्थ नाही. एखाद्या सीएनसीवाल्या पोराला ते रात्रीत जमलं नसतं.

मुलगा बॅटरी धरून उभा होता. चार तास. साडेबाराच्या सुमाराला तो म्हणाला, “मेस्त्री, याला सेटिंग म्हणतात?”

मी म्हटलं, “फिनिशिंग.”

तो पुढं काही बोलला नाही. बॅटरी जरा जवळ आणली, एवढंच.

दीडला इंजिन चालू केलं. पहिल्या हँडलला उठलं. कोल्हापूरचा माल म्हणून तेवढी एक गोष्ट त्या रात्री मान वर करून बघितली. दोन्ही टोपल्या पुन्हा फिरवल्या. चंद्रगिरीत तीन, जुन्यात दोन. शून्य कुणाचंच येत नाही. चारला टाकी रिकामी झाली. बी आंबवायच्या हौदात गेली, तिथं थंडीत दीड-दोन दिवस राहणार, मग धुवायची आणि खळ्यावर वाळवायची.

सकाळी गौडा हौदाशी उभे होते. मूठभर बी घेऊन, एकेक उलटून बघत. चेहरा खुलला होता. “काय केलंत?”

रात्रभर मी या प्रश्नाची तयारी केली होती. सरळ सांगायचं, ओतीव माझ्याकडून बारकं आलं, आधीच्या मालाचं नुकसान माझ्याकडं लावा. त्यांचा साताठ दिवसांचा माल बिघडला होता. मनात आकडा मांडला तर माझा तीन महिन्यांचा नफा गेला असता.

म्हटलं, “सेटिंग बसलं आता, गौडरे. दोन्ही जाती वेगळ्या काढल्या तर अजून चांगलं येईल.”

यात एक शब्द खोटा नाही. मी तो वाक्यबंध अनेकदा तपासून बघितला आहे, अगदी फिलर गेज लावल्यासारखा.

गौडा मुलाकडं वळले. “ऐकलंस?”

मुलानं माझ्याकडं बघितलं. त्यानं मोजताना सगळे आकडे बघितले होते, चौदा, अकरा, तीन, दोन. तो “हो” म्हणाला आणि पाइप उचलून खळं धुवायला गेला.

निघताना गौडांनी गाडीखर्च दिला, वर दोन हजार, आणि दोन किलो कॉफी, या वेळी चांगल्यातली. मी नको नको म्हणत घेतलं. पीठाला गेलो नाही. आईला सांगितलं, वेळ नव्हता.

मार्चमध्ये मुलाचा मेसेज आला. शेजारच्या तिघांना ब्रेस्ट हव्यात. जुन्या पार्टचे फोटो सगळ्या बाजूंनी काढलेले, प्रत्येकाशेजारी मोजपट्टी ठेवलेली. खाली लिहिलं होतं, “मेस्त्री, या वेळी फिनिशिंग कोल्हापुरातच करा.” मी सुताराकडून सागवानी पॅटर्न करून घेतला, त्याच्या शेजारी बसून. पैसे माझ्या खिशातून.

एप्रिलमध्ये गौडांचा फोन. कॉफीला फुलं धरायला उन्हाळ्यात एक पाऊस वेळेवर लागतो, तो पडला होता, म्हणून खुशीत होते. सगळा डोंगर पांढरा झालाय, वास तुमच्या कोल्हापूरपर्यंत येईल म्हणाले. मग म्हणाले, “पोराला सांगितलंय, आता नवीन रोपं नकोत. राहिलेल्या एकरात आपली जुनीच लावायची. बी कापून घ्यायची हौस फिटली.”

मी “बरं” म्हटलं, आणि पाऊस किती झाला ते विचारलं.