गादी बदलली, डग्गा परतला

ठाण्याच्या दमट हवेत प्लॅनर (सपाट, पातळ पडद्याच्या) हेडफोनच्या नकली चामड्याच्या गाद्यांचे पापुद्रे निघाले. कानामागे काळा चुरा बघून आई म्हणाली, "अरे, डोक्याला काय झालंय तुझ्या?"

आज आधी मखमली गाद्या लावून पाहिल्या. कानाला गार, पण डग्ग्याचा घुमारा गायब! कापडातून हवा निसटते, आणि प्लॅनरच्या पातळ पडद्याचा खर्ज टिकायला कानाभोवती कडं घट्ट बसावं लागतं. चष्म्याची काडीसुद्धा फट पाडते. गादीची जाडी बदलली की कान पडद्याच्या जवळ येतो किंवा लांब जातो, आवाज पुन्हा वेगळा.

शेवटी खऱ्या चामड्याच्या लावल्या. डग्गा परतला, सोबत घामही. पंखा लावावा तर हेडफोनच्या उघड्या पाठीतून (ओपन बॅक) त्याची घरघर ऐकू येते. खिडकी उघडली की घोडबंदर रोडचा गोंगाट आहेच.