तरल, धूसर, अलवार

अल्बमचं परीक्षण लिहायला बसलं की तीन शब्द न बोलावता येऊन दारात उभे राहतात: तरल, धूसर आणि अलवार. एकटा पियानो, मागे दोन-तीन व्हायोलिनं आणि मध्ये भरपूर शांतता असा कुठलाही निओक्लासिकल अल्बम असू द्या, हे तिघे त्यावर हक्क सांगणारच. मध्यंतरी मी माझीच जुनी परीक्षणं ओळीनं वाचली. अल्बमची नावं अदलाबदल करून टाकली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता.

तसं 'निओक्लासिकल' हे नावही उसनंच म्हणा. १९२०च्या सुमारास रशियन संगीतकार स्ट्राविन्स्की अठराव्या शतकातल्या ढंगाकडे वळला, तेव्हाच्या संगीताला ते चिकटलं होतं. आजच्या या मंद पियानोचं त्याच्याशी नातं नावापुरतंच.

माझी खरी फजिती मात्र एका प्रायोगिक लोकसंगीताच्या अल्बमनं केली. रात्रीची वेळ, स्पीकरवर हर्डी-गर्डी चाललेली. या वाद्याला गज नसतो. हँडल फिरवलं की राळ लावलेलं लाकडी चाक तारांवर घासतं आणि काही तारा एकच सूर अखंड धरून ठेवतात. त्याच्याही खाली मला आणखी एक सूर ऐकू येत होता. इतका संथ, इतका स्थिर! मी तल्लीन होऊन लिहिलं, 'साऱ्या अल्बमला तोलून धरणारा पाताळातला खर्ज.' तेवढ्यात खट्ट आवाज झाला आणि खर्ज थांबला. गाणं चालूच. फ्रिज होता तो.

वाक्य खोडावं लागलं. वाईट याचं वाटलं, की त्या परीक्षणातलं तेच एक वाक्य बरं जमलं होतं, कारण तेवढं मी खरोखर ऐकून लिहिलं होतं.

जर्मन पियानोवादक निल्स फ्रामचा २०११ सालचा अल्बम पहिल्यांदा ऐकताना उलटं झालं. दार वाजलं म्हणून उठलो, तर दाराशी कुणी नाही. रात्री वाजवताना शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्यानं पियानोच्या तारांवर नमदा, म्हणजे जाड लोकरी कापड, घातला होता आणि माइक जवळजवळ पियानोच्या पोटात नेऊन ठेवला होता. सूर मऊ झाला, पण त्याच्या शेजारी पट्टीची धपधप, लाकडाची करकर, वाजवणाऱ्याचा श्वास, सगळं येऊन बसलं. पुढच्याच वर्षी त्याचा अंगठा मोडला, तर उरलेल्या नऊ बोटांनी त्यानं नऊ रचना केल्या. इथे 'अलवार' कुठे बसवायचा?

जुन्या ध्वनिमुद्रणाची खरखर कॉम्प्युटरवरून मुद्दाम चढवतात, ती मात्र मला सोसत नाही. काळ्याभोर केसांना पांढरा कलप लावल्यासारखं वाटतं. बार्टोक आणि कोडाय हे हंगेरियन संगीतकार शंभरेक वर्षांपूर्वी फोनोग्राफ, म्हणजे मेणावर आवाज कोरणारं यंत्र, घेऊन हंगेरीतली खेडी हिंडले. त्या मेणाच्या नळकांड्यांवरची खरखर सुईनं मेण कोरताना आलेली आहे. तिच्या मागून गाणारा माणूस येतो. चढवलेल्या खरखरीमागून कुणीच येत नाही.

आज समोर नॉर्वेच्या हार्डांगर फिडलचा, म्हणजे तिकडच्या लोकसंगीतातल्या व्हायोलिनचा, अल्बम आहे. वाजवायच्या चार तारांच्या खाली तिला आणखी चार-पाच तारा असतात, सतार-सारंगीत आपण तरफा म्हणतो तशा. त्यांना कुणी हात लावत नाही, वरचा सूर लागला की त्या आपसूक झंकारतात. एक जागा मी सात-आठदा ऐकली. सकाळपासून कागदावर एवढंच उतरलंय: 'गज उचलल्यावरही तरफा थोडा वेळ बोलत राहतात.'

पुढचं वाक्य सुचत नाहीये. 'तरल' दारात उभाच आहे. आणि आत फ्रिजनंही सूर धरलाय.