एकाच पिशवीत

मे महिन्यात नागपुरातल्या धंतोलीतल्या आमच्या औषधांच्या दुकानात दुपारी चिटपाखरू नसतं. ज्याला यायचं तो अकराच्या आत येतो, नाहीतर सहानंतर. म्हणून पावणेतीनला डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला तो माणूस आला तेव्हा मला घाई होती असं म्हणायची सोयच नाही.

चिठ्ठी बायकोच्या नावाची होती, झोल्पिडेम म्हणजे झोपेची गोळी, 10 मिलिग्रॅम, दहा गोळ्या. आणि तोंडी, "ताई, बाळाचे व्हिटॅमिन डीचे ड्रॉप्सही द्या."

झोल्पिडेम शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे विक्रीची नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. त्याचं वेगळं रजिस्टर असतं. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती गोळ्या, सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपून ठेवायचं. 2014 पासून हा नियम आहे. कितीतरी दुकानांत हे रजिस्टर महिनाअखेरीला एका बैठकीत, एकाच पेनाने भरलं जातं. माझं रोजचं रोज भरलं जातं, आणि काउंटरवरच्या पोराला मी त्याला हात लावू देत नाही. चिठ्ठीवर शिक्का मारून तारीख टाकते, नाहीतर तीच चिठ्ठी गांधीबागेपर्यंत फिरत राहते. पट्टी कापायची झाली तर बॅच नंबर आणि एक्सपायरी असलेलं टोक शेवटपर्यंत शाबूत ठेवते. एवढं सगळं करते. पण बाई अंगावर पाजते का, हा रकाना त्या रजिस्टरात नाही आणि चिठ्ठीवरही नव्हता.

ड्रॉप्स त्याच पिशवीत टाकताना हात थांबला म्हणून विचारलं, "बाळ केवढं?"

"दीड महिन्याचं."

"अंगावर पितं?"

"हो. काऊन?"

आणि मी सांगून टाकलं, "मग या गोळीवर दूध बंद करावं लागेल." झोपेची गोळी म्हटली की दूध बंद, हे डी.फार्मपासून, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमापासून, डोक्यात बसलेलं. डॉक्टरांना फोन लावायचं सुचलंसुद्धा नाही. त्याने मान डोलावली आणि डब्याचं दूधही घेतलं. आईचं दूधच बाळासाठी सर्वोत्तम, हे त्या डब्यावर कायद्यानेच छापलेलं असतं. तो डबा मीच पिशवीत भरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः आली, सासूबरोबर, ऑटोने. कानाला रुमाल, बाळ खांद्यावर. पॅरासिटामॉल हवी होती. छातीत दगडासारख्या गाठी झालेल्या आणि अंगात ताप. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "तुम्हीच म्हणाल्या ना ताई, दूध बंद करा." आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

तिची प्रसूती केलेल्या डॉक्टर मॅडमचा नंबर डिस्चार्ज कार्डावर होता. एरवी रिसेप्शनच्या पलीकडे फोन जात नाही, त्या दिवशी त्यांनीच उचलला. पहिला प्रश्न, बाळ पूर्ण दिवसांचं ना, वजन नीट वाढतंय ना. मग म्हणाल्या, आधी पाजायला लावा, आत्ता, तिथेच, आणि संध्याकाळी मला दाखवा. इन्सुलिनच्या फ्रिजमागे स्टूल टाकलं, सासूने पदर धरला. आधी बाळाला नीट धरता येईना, इतकं घट्ट झालेलं. थोडं हाताने पिळून काढल्यावर लागलं. ते गिळतानाचा आवाज फोनवर बोलता बोलता मला ऐकू येत होता.

मॅडम मला झापत होत्या, तेही आकडे देऊन. पाच बायकांना 20 मिलिग्रॅम देऊन मोजलंय, दुधात 4 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी उतरलं, तेही पहिल्या तीन तासांत. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळासाठी ते नगण्य. पाजून गोळी घ्यायची आणि पुढचं पाजणं काही तास लांबवायचं. डायझेपाम ही दुसरी गोळी असती तर गोष्ट वेगळी, ती तान्ह्याच्या अंगात साठत जाते. "आणि 10 कुणी लिहिली? बायकांना 5 ने सुरुवात करायची, सकाळपर्यंत अंमल उतरत नाही म्हणून अमेरिकेत 2013 लाच डोस निम्मा केला." बाळ जास्तच सुस्त वाटलं, अंग ढिलं पडलं, ओढेनासं झालं किंवा श्वास संथ वाटला तर थांबायचं नाही, थेट दवाखाना.

मग त्यांनी विचारलं, "झोपतं कुठं?"

मी तिला विचारलं. कूलरसमोरच्या गादीवर, तिच्या कुशीत. नवरा उन्हाळ्यात गच्चीवर झोपतो, सासू आतल्या खोलीत. म्हणजे गोळी घेतलेली आई, कुशीत दीड महिन्याचं पोर, आणि कूलरचा तो घरघराट. मी दुधाचा हिशोब करत बसले आणि गादीचा विचारच केला नाही.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मी तर त्याला रात्री जायफळाचे दोन वेढे देऊन राहिली, लेकरू गप झोपते." सहाणेवर उगाळून, मधात. दीड महिन्याच्या बाळाला मधही! पोर सुस्त झालं असतं तर सगळ्यांनी गोळीकडे बोट दाखवलं असतं, जायफळाकडे कुणाचं लक्ष गेलं नसतं. जायफळ आणि मध दोन्ही बंद, असं मॅडमनी फोनवरूनच बजावलं. सासूबाईंना ते पटलेलं दिसलं नाही.

शेवटी मॅडमनी आणखी एक विचारायला लावलं, "बाळ झोपल्यावर हिला झोप लागते का?"

"नाही ना ताई," ती म्हणाली, "छाती हलून राहिली का ते बघत बसते."

संध्याकाळी तिला मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवलं, एवढं मला कळलं. गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी हा एक प्रश्न विचारला असता तर चिठ्ठी वेगळीच लिहिली गेली असती, असं मी आजही म्हणते. पण ड्रॉप्स हातात धरून उभी तर मीच होते.

त्याच आठवड्यात नवरा पट्टी परत घेऊन आला. कापलेली पट्टी परत घेतली जाणार नाही, अशी पाटी आमच्या काउंटरवर आहे. तरी घेतली. मोजल्या, आठ होत्या. म्हणजे दोन रात्री.