आमची वाटचाल : घाटाखालचं गॅरेज

चाळीसगावात कन्नड रोडला वडिलांनी पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू केलं, ते कन्नड घाटाच्या जिवावर. चढताना ट्रकच्या क्लच प्लेटा जळायच्या, उतरताना ब्रेक. दोन्हीकडची गिऱ्हाइकं आमचीच. पुढे जीप आल्या, केळीच्या पिकअप आल्या. ऑटोमॅटिक गिअरचं नाव मात्र त्या शेडमध्ये कुणी काढत नसे.

ते मी काढलं आणि पहिल्याच गाडीला तोंडावर आपटलो. गावातल्या एका डॉक्टरांची गाडी स्लिप मारत होती, म्हणजे इंजिन पळायचं पण चाकांपर्यंत जोर पोचायचा नाही. इंजिन बंद ठेवून डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, बघितली, ऑइल फुल दिसलं, थेट गिअरबॉक्स उतरवला. चार दिवस गेले, आत काहीच सापडलं नाही. बहुतेक ऑटोमॅटिकचं ऑइल गाडी गरम करून, इंजिन चालू ठेवून मोजतात, हे मला तेव्हा कुठं ठाऊक! इंजिन बंद झालं की कन्व्हर्टरमधलं, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या डब्यातलं, ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं आणि कमी असलं तरी काडी भरलेली दिसते. मजुरी घेतली नाही. वडील एवढंच म्हणाले, "पहिले देख, मंग खोल."

हे कामी आलं इंपालाच्या वेळी. जळगावकडच्या एका जिनिंगवाल्या शेठच्या आजोबांची 1965 ची शेवरोले इंपाला, पॉवरग्लाइड नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पुढचे गिअर दोनच. शेठनं ती टो करूनच आणली. घाटात रेस वाढायची, गाडी सरकायची नाही. त्याआधी काही महिने वरचा गिअर उशिरा आणि धक्का देऊन पडत होता, सायलेन्सर पांढरा धूर टाकत होता. एका गॅरेजनं सांगितलं, इंजिनच्या रिंगा गेल्या. दुसऱ्यानं सांगितलं, गिअरबॉक्स खोला. शेठ म्हणाले, "दादा, दोन्ही करायचं असंल तर गाडी विकून टाकतो."

या बॉक्सात खालचा गिअर बँडवर, म्हणजे ड्रमभोवती आवळणाऱ्या पट्ट्यावर चालतो, वरचा क्लचवर, रिव्हर्सला क्लच वेगळा. नुसती उठताना स्लिप मारली तर बँडवर संशय, नुसती वरच्या गिअरला मारली तर क्लचवर. हिची तिन्हीकडे तीच रड. तिन्ही एकाच दिवशी संपत नाहीत, म्हणजे ऑइलचं प्रेशर बघायचं, आणि प्रेशरच्या आधी ऑइल. गाडी गरम केली, न्यूट्रलला चालू ठेवली. काडीच्या टोकाला जेमतेम ओल. ऑइल लाल होतं, जळका वास नव्हता. म्हणजे प्लेटा शाबूत असाव्यात.

ऑइल भरलं, रात्रभर खाली पुठ्ठा अंथरला. सकाळी पुठ्ठा कोरडा. दोन दिवस फिरवली तर काडी पुन्हा खाली. आमचे जुने मिस्त्रीकाका डोकं खाजवत म्हणाले, "मंग तेल कथा जास?"

गिअरबॉक्सच्या मागच्या अंगाला डबीएवढा व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो. इंजिनच्या मॅनिफोल्डपासून त्याला व्हॅक्यूमची नळी येते. व्हॅक्यूम किती आहे यावरून ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते बॉक्सला कळतं. तिचा रबर उपसला तर माझ्या बोटाला लाल ऑइल. मॉड्युलेटरच्या आतला पडदा फाटला होता. व्हॅक्यूम पोचत नाही म्हणून बॉक्सला वाटतं ड्रायव्हरनं पाय दाबून ठेवलाय. म्हणून गिअर उशिरा आणि धक्क्यानं पडतो. फाटलेल्या पडद्यातून गिअरबॉक्सचं ऑइल इंजिन ओढून घेतं आणि जाळतं, तो पांढरा धूर. ऑइल कमी झालं की पंप हवा ओढतो आणि गाडी स्लिप मारते. तीन तक्रारी, पडदा एक.

मॉड्युलेटर आट्यांवर बसवलेला असतो आणि जागा अडचणीची. साधा एक इंची पाना तिथं शिरत नाही. ग्राइंडरवर पाना पातळ केला. पहिला फार पातळ झाला नि वाकला, दुसऱ्यानं काम झालं. तो पाना अजून कुणाला उसना देत नाही. नवा मॉड्युलेटर अमेरिकेहून यायला तीन आठवडे लागले, बसवायला तासही नाही. हात लागलाच होता म्हणून बँडही ॲडजस्ट केला. स्क्रू ठरलेल्या ताणापर्यंत आवळायचा आणि मोजून चार आटे मागे घ्यायचा. वापरलेल्या बँडला चारच.

भर उन्हात शेठला शेजारी बसवून कन्नड घाट चढलो. शेठ सबंध घाटभर आरशात धूर शोधत होते.

आता अशा जुन्या गाड्या वर्षाला दोन-तीन येतात, नाशिक-धुळ्याकडूनही. पोट अजून पिकअप आणि ट्रॅक्टरवरच आहे. जुनी ऑटोमॅटिक आणणाऱ्यांना एकच विनंती : येण्याआधी ऑइल बदलू नका. जुन्याचा रंग आणि वास आम्हाला बघायचा असतो.